पिवळी रेघ

विजयदुर्गाला एसटी वळसा घेते तिथे
लवूमामा गिरकर माणशी वीस रुपयांत
लोकांना ठाऊक नसलेलं विकायचा.

"घरातली चावी, परात, बटाटा, पगार,
सगळे फिरंग्याच्या गलबतातून उतरले
आणि परत गेलेच नाहीत.
हापूस? तेही एका पोर्तुगीजाचं नाव.
आता आपल्या अढीत पिकतंय."
कोल्हापूरची माणसं हसायची, वहीत टिपून घ्यायची.
मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन.

पायात गोळे आले की शेवटी साहेबाचा कट्टा.
तिथे त्याचा आवाज खाली यायचा,
गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येतो तसा.
"अठरा ऑगस्ट अठराशे अडुसष्ट. खग्रास!
साहेबान दुर्बीण हयसर रोवल्यान, ह्या चिऱ्यार,
आणि सूर्याच्या कडेक बगल्यान एक पिवळी रेघ.
पृथ्वीवर कोणाक म्हायत नसलेलो वायू!
जत्रेतलो फुगो वर जाता ना?
तेचा म्हायार आमच्या गावात."

नववीत असताना देवगडला प्रश्नमंजूषा झाली.
हेलियमची पिवळी रेघ त्या साहेबानं कुठून पाहिली?
सगळ्यांच्या आधी मी घंटी दाबली.
उत्तर चूक.
एवढ्या जोरात दाबली होती
की ती चुकल्यावरही वाजत राहिली.

परीक्षक हडकरबाई दुपारी डब्यापाशी आल्या,
कागदात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक घेऊन.
साहेब त्या दिवशी विलायतेतच होता.
ती रेघ त्यानं पाहिली दोन महिन्यांनी,
लंडनला, स्वतःच्या घरून,
ग्रहणाशिवाय.
ग्रहण खरं होतं. सावली आमच्या कोकणावरूनच गेली होती.
पण आमच्या कट्ट्यावर कोण बसलं होतं
ते त्या पुस्तकात नव्हतं.

मामा बांगडे साफ करत होता.
मी सांगितलं. सुरी थांबली.
"मगे फुगो?"
"फुगा आहे, मामा. फुगा खरा."
"मगे जाला," म्हणाला,
आणि त्यानंतर चार बांगडे काही बोलला नाही.

रविवारी कट्ट्याशी आला तेव्हा
मला वाटलं, नेहमीचंच म्हणेल.
आवाज खाली आला. मग तिथेच राहिला.
"हयसर साहेब बसलो काय नाय, माका ठावक नाय.
माज्या आज्याची आवस मात्र बसली हुती.
कट्ट्यार नाय. थंय, खाली, घरात.
सात म्हयन्याची. चिरूचा नाय, शिवूचा नाय,
भायर तर बगूचाच नाय.
पावसान सकाळी जरा उघाड दिल्यान.
पडवीक झापांचो आडोसो. तेच्या भोकांतून
शेणाच्या जमनीर उन्हाचे कवडसे.
रोज वाटोळे. त्या दिवशी एकेकाची कोर जाली.
शंभर चंद्र, भुयार.
मगे एकदम एकय नाय.
कोंबडी खुराड्यात गेली, आणि भायर इली तेव्हा
कोंबड्यान दुसऱ्यांदा बांग दिल्यान.
बायल म्हणे एका कोरीर बोट धरून बसली हुती
आणि पोटातल्यान लाथ मारल्यान.
तो माजो आजो. ओठ, कान, सगळा जाग्यार."

एकानं विचारलं, याला पुरावा?
मामानं खिशातून वीस रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले.
त्यानं घेतले.

दर अठरा ऑगस्टला आता मंडप पडतो.
शाळेची मुलं फुगे सोडतात,
पाहुणे आभाळाकडे बघत टाळ्या वाजवतात,
कुणीतरी दरवर्षी साहेबाला पुन्हा कट्ट्यावर बसवतं.
मामा हरकत घेत नाही.
तो मागे भेंडीच्या झाडाखाली उभा असतो,
मान खाली.
पायाशी सावलीत ऊन सांडलेलं.
सगळे कवडसे वाटोळे आहेत ना
एवढं बघून घेतो,
आणि चप्पल त्यांच्यावर पडू न देता
एसटीकडे चालू लागतो.